पाळणाघराची खोली

स्त्रिया नोकरीसाठी घराबाहेर पडू लागल्या आणि आजी-आत्यांनी भरलेली एकत्र कुटुंबे विभागत गेली, तेव्हापासून पाळणाघर ही आपल्या शहरांची निकड होऊन बसली आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने मोठ्या संख्येने स्त्रिया राबत असलेल्या कारखान्यांवर त्याची सक्ती केली. पुढे २०१७ साली प्रसूतिलाभ कायद्यात झालेल्या दुरुस्तीने पन्नास वा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना ती लागू करून आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभाही दिली. कायद्याच्या हुकमाने खोली उभी राहते, यात शंका नाही; परंतु तिच्या उंबरठ्याशी येताच मूल आईचा पदर सोडील की अधिकच घट्ट धरील, हे ती खोली कोणाच्या उंचीने मोजून सजवली आहे यावर बरेचसे अवलंबून असते.

मारिया माँतेस्सोरी यांनी १९०७ साली रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले, तेव्हा जड बाकांऐवजी मुलांना स्वतः उचलून नेता येतील अशी हलकी मेजे व खुर्च्या आणि त्यांच्या हाताला पोहोचतील अशी बुटकी कपाटे यांचा पुरस्कार केला. हाच विचार ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ पासून आपल्या मातीत रुजवला, आणि महागड्या साहित्याची वाट न पाहता शिंपले, बिया, पाने, खडे यांनाच शिक्षणाची साधने केले. आपुलकीचे वातावरण निर्माण करण्यास धनाढ्य देणगीदारच लागतो, हा समज त्यांच्या कार्याने कायमचा खोटा ठरवला आहे.

तीन वर्षांचे मूल जेमतेम तीन फूट उंच असते. आपल्या नेहमीच्या इमारतींत खिडकीचा कठडाही जवळपास तेवढ्याच उंचीवर असल्यामुळे बाहेरचे झाड, रस्ता, पाऊस यांपैकी काहीच त्याच्या दृष्टीस पडत नाही, आणि भिंतीवरची चित्रे तर पाहुण्यांच्या डोळ्यांसाठीच टांगलेली असतात. भक्कम जाळी लावलेल्या खिडकीपाशी दोन पायऱ्यांचा रुंद ओटा बांधावा, चित्रे खाली आणावीत, दप्तराच्या खुंट्या मुलाच्या खांद्याशी असाव्यात. तान्ह्या मुलाचा प्रश्न याहून निराळा, आणि मला वाटते सर्वांत उपेक्षित आहे: ते दिवसाचा मोठा भाग उताणे पडून असते, म्हणजे त्याच्या लेखी छत हीच समोरची भिंत, आणि तेथे आपण ठेवतो काय, तर डोळ्यांत खुपणारी उघडी नळी-दिव्याची पट्टी. दिवा पाळण्याच्या थेट वर न ठेवता प्रकाश भिंतीवर पडून परतेल अशी तजवीज केली, तर एवढ्या किरकोळ फरकानेही बाळाची नजर निवांत होते.

आवाजाकडेही असेच दुर्लक्ष होते. गुळगुळीत लादी, उघडा स्लॅब आणि कोऱ्या भिंती यांवर वीस मुलांचा किलबिलाट आपटून दुणावतो, आणि मग सेविका ओरडते, मुले त्याहून मोठ्याने ओरडतात. सतरंज्या, जाड पडदे, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या हा त्यावरचा स्वस्त आणि पिढ्यानपिढ्यांचा उपाय. धुण्याचा बंदोबस्त मात्र चोख हवा.

रंगांविषयी थोडेच सांगणे पुरे. भिंती सौम्य असाव्यात. भडकपणा मुलांच्या कपड्यांत आणि खेळण्यांत पुरेसा असतो. रंग घेताना शिशाचे प्रमाण तेवढे पाहावे, कारण मुले भिंतीचे पोपडे तोंडात घालतात. दशलक्षात ९० भागांची मर्यादा भारतात कायद्याने घातलेली आहे.

कोपऱ्यात पडद्याआड बसता येईल अशी एक लहानशी जागाही ठेवावी, कारण दिवसभर पंगतीत राहून मूलही थकते. मात्र पडदा असा असावा, की सेविकेची निगराणी सुटू नये. आणि या सेविकेसाठी, तसेच दूध पाजण्यास येणाऱ्या आईसाठी, पाठ टेकता येईल अशी मोठ्या माणसाची एक खुर्ची पाळण्यांजवळ हवीच. बुटक्या मेजांवर दिवसभर वाकून तिची कंबर भरून आली, तर संध्याकाळी रडणाऱ्या मुलाला उचलून घ्यायला तिच्या हातांत बळ कोठून येणार?