मोठे रेणू आधी, लहान मागाहून

पीठ चाळताना कोंडा चाळणीत उरतो आणि बारीक पीठ खाली पडते. लहान ते पार होते, मोठे ते अडते, हा नियम आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की ‘जेल फिल्ट्रेशन क्रोमॅटोग्राफी’ ही पद्धत प्रथम पाहणारा विद्यार्थी हमखास बुचकळ्यात पडतो. येथेही सूक्ष्म छिद्रांच्या साहाय्याने रेणूंची आकारानुसार विभागणी होते. मात्र सर्वांत मोठे रेणू सर्वांत आधी बाहेर पडतात आणि लहान रेणू रेंगाळत मागाहून येतात. नावात गाळणे असले, तरी येथे कोणालाच अडवले जात नाही.

काचेची एक उभी नळी पाण्यात फुगलेल्या जेलच्या बारीक मण्यांनी भरलेली असते. तिला स्तंभ म्हणतात. प्रत्येक मणी स्पंजासारखा सच्छिद्र असतो. मण्यांच्या मधल्या फटींतून द्रव संथपणे खाली वाहतो, मण्यांच्या आतला द्रव मात्र जवळजवळ स्थिर असतो. आता आठवडे बाजाराचे गाव डोळ्यांसमोर आणावे. हमरस्त्याने लादलेली बैलगाडी निघाली आहे आणि तिच्याबरोबर लहान मुलांचा घोळकाही. गाडीला कोणत्याही बोळात शिरता येत नाही, म्हणून ती सरळ वेशीबाहेर पडते. मुले प्रत्येक बोळात डोकावून येतात आणि साहजिकच मागे पडतात. छिद्रांत न मावणाऱ्या मोठ्या रेणूंची स्थिती त्या गाडीसारखी असते. लहान रेणू विसरणाने मण्यांत शिरतात, काही काळ स्थिर द्रवात घालवतात, पुन्हा प्रवाहात येतात. मधल्या आकाराचे रेणू काही छिद्रांत शिरतात, काहींत नाही, आणि म्हणून मधल्या वेळी बाहेर पडतात.

मण्यांमधील मोकळी जागा स्तंभाच्या सुमारे एक तृतीयांश असते. म्हणजे १०० मिलिलिटरच्या स्तंभातून मोठे रेणू ३०-३५ मिलिलिटर द्रव वाहून गेल्यावर दिसू लागतात. मिठासारखे क्षुद्र रेणू शंभरी भरत आल्यावर. हा सारा खेळ तेवढ्याच जागेत आटोपायचा असल्याने एका वेळी फार घटक वेगळे होत नाहीत. घाई केलेलीही चालत नाही, कारण प्रवाह वेगवान असेल तर लहान रेणूंना छिद्रांत शिरायला सवडच मिळत नाही. मात्र रेणू कशालाही चिकटत नसल्यामुळे नाजूक विकरेसुद्धा आपले कार्य शाबूत ठेवून बाहेर येतात. हा या पद्धतीचा मोठाच गुण होय.

लंडनमध्ये लेथ व रुथव्हेन यांनी १९५५-५६ च्या सुमारास फुगवलेल्या स्टार्चच्या कणांवर असे विभाजन करून दाखविले होते. पण ते कण मऊ आणि प्रवाहाला अडथळा करणारे. खरा पल्ला गाठला तो स्वीडनमधील उप्साला येथे. १९५९ मध्ये येर्कर पोराथ आणि पेर फ्लोडिन यांनी डेक्स्ट्रान या शर्करेच्या साखळ्या एकमेकींना रासायनिक दुव्यांनी जोडून जेल बनविले आणि फार्मासिया कंपनीने ते ‘सेफाडेक्स’ नावाने बाजारात आणले. दुवे जितके दाट, तितकी छिद्रे लहान. त्यामुळे हव्या त्या आकारासाठी हवे ते जेल बनविता येऊ लागले. हे डेक्स्ट्रान आपल्याकडील साखर कारखान्यांना चांगले परिचित आहे. तोडलेला ऊस फार वेळ पडून राहिला की ल्युकोनोस्टॉक जिवाणू रसातील साखरेपासून तेच तयार करतात. रस चिकट होतो आणि साखरेचे दाणे नीट धरत नाहीत. कारखानदाराच्या डोक्याला ताप देणारा पदार्थ प्रयोगशाळेच्या असा कामी आला.

या पद्धतीचे मोल इन्सुलिनच्या कथेत विशेष जाणवते. इन्सुलिनच्या दोन साखळ्या स्वादुपिंडात वेगवेगळ्या तयार होऊन नंतर जुळतात, असा पूर्वी समज होता. शिकागोचे डोनाल्ड स्टायनर यांनी स्वादुपिंडातील इन्सुलिन बनविणाऱ्या एका गाठीच्या पेशींना किरणोत्सारी अमिनो आम्ल पुरविले आणि ठरावीक काळाने त्यांचा अर्क जेलच्या स्तंभातून सोडला. किरणोत्सार आधी आढळला तो इन्सुलिनहून मोठ्या रेणूत. जसजसा वेळ गेला तसतसा तो इन्सुलिनच्या जागी सरकला. सुमारे ९,००० रेणुभाराच्या एकाच साखळीतून मधला तुकडा कापला जाऊन सुमारे ५,८०० रेणुभाराचे इन्सुलिन बनते, हे १९६७ मध्ये असे उघड झाले. त्या पूर्वरूपाला प्रोइन्सुलिन म्हणतात.

पाठोपाठ आणखी एक अप्रिय गोष्ट कळली. गाय व डुक्कर यांच्या स्वादुपिंडांपासून काढलेले, वारंवार स्फटिकीकरण करून ‘शुद्ध’ ठरविलेले बाजारातील इन्सुलिन स्तंभातून सोडताच त्यातून प्रोइन्सुलिन आणि इतर मोठे रेणूही निघाले. स्फटिकीकरणात ते इन्सुलिनबरोबरच येत होते. ज्या मधुमेहींना रोज हेच टोचून घ्यावे लागे, त्यांच्यापैकी काहींच्या त्वचेखालची चरबी झिजून खड्डे पडत, शरीरात इन्सुलिनविरोधी प्रतिपिंडे तयार होत. सत्तरच्या दशकात उत्पादक जेल फिल्ट्रेशन व अन्य क्रोमॅटोग्राफी वापरू लागल्यावर हे त्रास बरेच कमी झाले.

एक सावधगिरी मात्र हवी. स्तंभ रेणूचे वजन करीत नाही; रेणू किती जागा व्यापतो, एवढेच तो जाणतो. लांबट प्रथिन गोलसर प्रथिनाहून आधी बाहेर येते आणि प्रत्यक्षापेक्षा जड भासते. उदासीन द्रावणात इन्सुलिनचे सहा-सहा रेणू जस्ताभोवती एकत्र येतात, तेव्हा स्तंभाला ते सहापट मोठेच वाटणार. म्हणूनच इन्सुलिनची विभागणी अॅसेटिक आम्लात करीत, जेणेकरून हे जथे सुटे व्हावेत.

हाच ‘दोष’ आज औषधनिर्मितीत उपयोगी ठरतो. कर्करोग व संधिवातावरील प्रतिपिंडांच्या औषधांत काही रेणू एकमेकांना चिकटून गुठळ्या बनतात, आणि अशा गुठळ्यांमुळे रुग्णाचे शरीर औषधाविरुद्धच उठण्याची भीती असते. त्यामुळे या औषधांच्या प्रत्येक घाणीची आकारानुसार तपासणी होते. गुठळ्या आकाराने मोठ्या, म्हणून आलेखात त्या मुख्य शिखराच्या आधीच एक लहानसा उंचवटा बनून दिसतात.