बाळंतपण झाले तरी गोळी थांबू नये



या सदरात मी नेहमी बेणे, खते आणि हुमणीविषयी लिहितो. या खेपेचा विषय वेगळा असला तरी तो आपल्या फडात आहे आणि काही वेळा आपल्या घरातही असतो. एचआयव्ही असलेल्या बाईचे बाळंतपण झाले की तिचा दवाखाना सुटतो. तो का सुटतो, एवढेच आज सांगायचे आहे.

लागणीच्या उसाला आपण जीव लावतो, पण तो तुटून गेला की खोडव्याकडे बघायला कोणाला सवड नसते. या बाईचेही तसेच होते. पोटुशी असताना आशाताई घरी येतात, नर्सबाई तारखा पाळून घेतात. मूल जन्मले की सगळ्यांचे लक्ष मुलाकडे, आणि आईची गोळी कोनाड्यात.

औषध नसेल तर गरोदरपण, बाळंतपण आणि अंगावर पाजणे मिळून शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना आईकडून हा विषाणू जातो. आईने नियमित गोळी घेतली तर हे प्रमाण पाचाच्या आत येते. गोळी सरकारी एआरटी केंद्रात फुकट मिळते, बहुतेकांना आता दिवसाला एकच. तिने विषाणू मरत नाही, दबून राहतो. गोळी सुटली की तो पुन्हा वाढतो आणि दुधावाटे बाळापर्यंत पोचू शकतो. वरचेवर खंड पडला तर पुढे तेच औषध लागू पडेनासे होते.

‘गोळी बाळंतपणापुरतीच’ हा समज उगाच आलेला नाही. पूर्वी पुष्कळ बायांना कळा सुरू झाल्यावर एक गोळी आणि बाळाला औषध, इतकेच देत. २०१४ पासून आपल्या देशात एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला जन्मभर औषध देण्याचे धोरण आहे. थोरल्या जावेने जुने ऐकलेले असते, ती म्हणते, ‘‘आता कशाला?’’

पण माझ्या मते खरी अडचण गाव बदलण्याची आहे. पहिले बाळंतपण माहेरी, गोळ्या मात्र सासरच्या तालुक्याला. सव्वा महिना उंबरा ओलांडू देत नाहीत, तेवढ्यात गोळ्या संपतात. आणायला कोणाला सांगावे तर घरभर बोभाटा. टोळीतल्या बाईचे याहून कठीण. बीडकडची जोडपी दिवाळीच्या सुमारास घर सोडतात. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे, तेव्हा ओली बाळंतीणही कोपीत येते. केंद्र गावाकडे राहते. दवाखान्यासाठी एक दिवस गेला की खाडा.

याला उपाय कागदाचा आहे. निघण्यापूर्वी केंद्रात सांगावे, की अमुक महिने अमुक तालुक्यात राहणार. तिथून बदलीचा कागद मिळतो आणि नव्या जागेजवळच्या केंद्रात गोळ्या चालू राहतात. केंद्राने दिलेले हिरवे पुस्तक कपड्यांच्या गाठोड्यात नव्हे, हाताशी ठेवावे. उसाची नोंद एका गटातून दुसऱ्या गटात न्यायची तर आपण अर्ज देतोच की!

बाळाची पहिली तपासणी दीड महिन्याला होते. तेव्हाच लसही असते, म्हणजे एकाच फेरीत दोन्ही कामे उरकतात. पुढची सहा महिन्यांनी, मग वर्षाने, आणि पक्का निकाल दीड वर्षाला. एका हंगामात हे बसत नाही. पहिली तपासणी इथे झाली तर पुढची गावाकडे, म्हणून कागद दोन्हीकडे लागतो. पहिला निकाल चांगला आला की पुष्कळ आया जाणे सोडतात. हे चुकीचे. बाळ अंगावर पिते तोवर धोका संपलेला नसतो. सहा महिने आईचे दूध एके दूध. मध, बाळगुटी, साखरपाणी काही नको. मग वरचे अन्न आणि दूध डॉक्टर सांगतील तसे. आईची गोळी दूध सुटल्यावरही चालूच.

काही सभासद म्हणतात, ‘‘साहेब, टोळ्यांची तपासणी करून याद्याच लावा.’’ असे करता येत नाही आणि करूही नये. २०१७ चा कायदा २०१८ पासून लागू आहे. त्याप्रमाणे संमतीशिवाय तपासणी नाही आणि कोणाचा निकाल दुसऱ्याला सांगणे नाही. शिवाय यादी लागणार म्हटले की केंद्रात जाणारी बाईसुद्धा जायची थांबेल. आणि हा आजार कोपीतलाच, बंगल्यातला नव्हे, असे समजून कोणी निर्धास्त राहू नये.

तेव्हा ज्यांच्या फडात टोळी आहे त्यांनी एवढेच करावे. बाई दवाखान्यात जायचे म्हणाली तर कारण विचारू नये. मुकादमाला त्या दिवसाचा खाडा धरू नको म्हणून सांगावे, तालुक्याला जाणारी गाडी असेल तर तिला बसवून द्यावे. आपल्या सुनेला माहेरी धाडतानाही दवाखान्याचे कागद तिच्याच हाती द्यावेत, उघडून बघू नयेत. जवळचे केंद्र कुठे ते ठाऊक नसेल तर १०९७ हा फुकट फोन आहे, तिथे विचारावे. आपले नाव सांगावे लागत नाही.

— ऊस विकास अधिकारी