आधी बूट, मग पायडल

आकुर्डीहून सायकल घेऊन डोंगराकडे निघालं की सुरुवातीचा बराच रस्ता डोंगराचा नसतोच. निगडी, भक्ती-शक्ती चौक, देहूरोड असा जुना मुंबई-पुणे महामार्ग, त्यावर कंपन्यांच्या बस, कंटेनर आणि सिग्नल. घोराडेश्वरचा पायथा किंवा देहूपलीकडचा भंडारा डोंगर त्यानंतर येतो. तिथे चाकाखाली असतो तो सुटा मुरूम आणि मध्येच उघडा पडलेला काळा कातळ. पावसाळ्यात तर टायर आणि फ्रेमच्या मध्ये गच्च बसणारी चिकणमाती. माउंटन बाइकला सपाट पायडल लावावं की क्लीटचं, म्हणजे बुटाखालच्या तुकड्याने पाय अडकवून ठेवणारं, हा प्रश्न सोडवायचा तर तो याच जमिनीवर उभं राहून सोडवायला हवा.

सपाट पायडल म्हणजे लहानपणच्या सायकलीचं रबरी ठोकळ्यांचं पायडल नव्हे. माउंटन बाइकचं सपाट पायडल अॅल्युमिनियमचं किंवा नायलॉनचं असतं, साधारण दहा सेंटिमीटर लांब-रुंद, जाडीला कमी, मधोमध किंचित खोलगट. दोन्ही बाजूंना बारीक पिना असतात. पाय ठेवला की त्या तळव्याच्या रबरात रुततात. पकड येते ती वजनामुळे, म्हणून पाय पायडलवर कसा ठेवता याला इथे फार महत्त्व आहे. दगडगोट्यांच्या उतारावर चाक अडखळतं, तेव्हा सायकल क्षणभर मंदावते आणि आपलं शरीर पुढे जायला बघतं. टाच खाली टाकलेली असेल तर हा झटका पायाला पायडलमध्येच दाबतो. टाच वर असेल तर त्याच झटक्याने पाय उडतो, पायडल फिरतं आणि पिना नडगीवर बसतात. ती जखम भरून यायला वेळ घेते, त्यामुळे नवशिक्याने नडगीचे गार्ड बांधावेत. त्यात कमीपणा काही नाही.

पण पिना हा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा बुटात आहे, आणि आपल्याकडे दुर्लक्ष होतं ते तिथेच. सायकलवर चांगला खर्च करून लोक धावण्याचे बूट घालून निघतात. त्यांचा तळ जाड, फोमचा, खाचाखाचांचा असतो. एक पीन खाचेत पडते, दुसरी कडेवर, आणि पाय दर धक्क्याला थोडा थोडा सरकतो. फोम दबत असल्याने पायडल नेमकं कुठे आहे याचा अंदाजही येत नाही. कारखान्यातले सेफ्टी शूज बळकट असतात, पण तेलकट फरशीवर घसरू नये म्हणून त्यांच्या तळाला खोल नक्षी असते आणि घोटा फारसा वाकत नाही. त्यांचं काम वेगळं आहे. सपाट पायडलला हवा तो सपाट, नक्षी कमी असलेला, मऊ आणि चिकट रबराचा तळ. फाइव्ह टेन या कंपनीने कातळ चढणाऱ्यांच्या बुटांसाठी बनवलेलं रबर पुढे सायकलींच्या बुटांना लावलं, ते याच कारणासाठी. तेवढा खर्च करायचा नसेल तर पातळ, सपाट रबरी तळाचे साधे कॅनव्हासचे बूटसुद्धा धावण्याच्या बुटांपेक्षा बरे. साध्या पायडलवर चांगला बूट जितकं काम करतो, तितकं महागडं पायडल वाईट बुटाखाली करत नाही.

आता दुसरी जात. तिला क्लिपलेस म्हणतात, कारण ती येण्याआधी पाय अडकवण्यासाठी पायडलच्या पुढे पिंजऱ्यासारखी क्लिप आणि पट्टा असायचा. तो इथे नाही. बर्फावरच्या स्कीचे खटके बनवणाऱ्या लूक या फ्रेंच कंपनीने १९८४ मध्ये तोच विचार सायकलच्या पायडलला लावला, आणि पुढच्याच वर्षी बर्नार्ड इनॉने हे पायडल वापरून टूर द फ्रान्स जिंकली. त्या पायडलची मोठी प्लास्टिकची क्लीट रस्त्यावरच्या शर्यतीची, चालायला अवघड. डोंगरातल्या सायकलस्वाराला उतरून चालावं लागतं, म्हणून शिमानो कंपनीने १९९० मध्ये एसपीडी पायडल आणलं. त्यात दोन स्क्रूंची लहानशी पोलादी क्लीट बुटाच्या तळातल्या खाचेत लपते.

काम कसं चालतं ते एकदा पायडल हातात घेऊन पाहण्यासारखं आहे. क्लीटचं पुढचं टोक पायडलच्या पुढच्या आकड्याखाली सरकवायचं आणि खाली दाबायचं. मागचा आकडा स्प्रिंगवर बसवलेला असतो. तो मागे हटतो, क्लीट खाली जाते आणि आकडा तिच्यावर बसतो. खट् असा आवाज येतो. सोडवताना पाय वर ओढायचा नाही, टाच बाहेरच्या बाजूला वळवायची. ठरावीक कोनापर्यंत क्लीट नुसती डोलते, त्यापलीकडे गेली की आकडा उघडतो. ही डोलण्याची मोकळीक गुडघ्यासाठी आहे, कारण पायडलच्या प्रत्येक फेरीत पाय थोडा आत-बाहेर वळत असतो. स्प्रिंग किती घट्ट हवी ते तीन मिलिमीटरच्या अॅलन कीने ठरवता येतं. सुरुवातीला ती सर्वांत सैल ठेवावी.

क्लीटमध्येही फरक आहे, आणि दुकानात तो सहसा कुणी समजावून सांगत नाही. शिमानोची एसएच५१ फक्त टाच बाहेर वळवल्यावर सुटते. एसएच५६ अनेक दिशांना सुटते. घाबरून पाय जोरात वर ओढला तरी बहुधा मोकळा होतो. शिकणाऱ्याने ५६ घ्यावी.

क्लीटच्या बाजूने नेहमी दिला जाणारा युक्तिवाद असा की पाय बांधलेला असल्याने वर येतानाही पायडल ओढता येतं, म्हणजे ताकद वाढते. यावर प्रयोग झाले आहेत. कॉर्फ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सायकलस्वारांना वेगवेगळ्या पद्धतीने पायडल मारायला लावलं. मुद्दाम वर ओढल्यावर पायडलवरचा जोर अधिक समान पसरला, पण तेवढ्याच कामाला शरीराची ऊर्जा जास्त लागली. म्हणजे एकसारख्या वेगाने जाताना वर ओढण्याचा फायदा नाही. क्लीटचा खरा उपयोग वेगळा आहे: पाय रोज त्याच जागी बसतो, खडखडाटात उडत नाही, उभं राहून जोर काढताना घसरत नाही. लांबच्या क्रॉस-कंट्री शर्यतीत अव्वल स्वार क्लीटच वापरतात ते म्हणून. आणि सपाट पायडल नवशिक्यांसाठीच असतं हा समज ऑस्ट्रेलियाच्या सॅम हिलने पार खोडून काढला. डाउनहिलचं जगज्जेतेपद त्याने तीनदा मिळवलं, पुढे २०१७ ते २०१९ सलग तीन वर्षं एंड्युरो वर्ल्ड सीरिज जिंकली, आणि हे सगळं सपाट पायडलवर.

सपाट पायडलवर आधी शिकावं असं मला ठामपणे वाटतं, त्याचं कारण हिल नव्हे. क्लीट असली की दगडावरून सायकल उचलायला पाय नुसता वर घेतला तरी पुरतं. सपाट पायडलवर ते चालत नाही. पंजा खाली झुकवून पायडल मागे खेचावं लागतं, आणि हँडल पुढे ढकलून मागचं चाक वर आणावं लागतं. हे कसब एकदा अंगात आलं की कुठल्याही पायडलवर उपयोगी पडतं. उलट क्रमाने शिकलेल्याला ते पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं.

आता पुन्हा आपल्या रस्त्यावर. क्लीटवर पहिलं पडणं डोंगरात होत नाही, सिग्नलला होतं: सायकल थांबते, पाय अडकलेला, आणि माणूस जागच्या जागी कलंडतो. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे थांबण्याआधी, सायकल हलती असतानाच, डावा पाय सोडवायची सवय लावावी. तोल गेलाच तर कडेला पडाल, उजवीकडच्या वाहनांसमोर नाही. ही सवय एखाद्या मैदानात किंवा सुट्टीच्या दिवशी सुनसान असलेल्या एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यावर करावी, महामार्गावर नको. भंडारा डोंगरावर डांबरी रस्त्याने जाणारा क्लीटवर सुखात चढेल. पण मुरमाच्या वाटेने चढताना अर्ध्यात थांबावं लागतं, पाय टेकून पुन्हा निघावं लागतं, आणि तीव्र चढावर क्लीट पुन्हा बसवणं हे काम कठीण. कातळावर सायकल खांद्याला लावून चालायची वेळ आली तर पोलादी क्लीट दगडावर घसरते.

पावसाळ्यात तर आपल्या भागात क्लीट मला पटत नाही. काळी माती बुटाच्या खाचेत आणि पायडलच्या आकड्यात अशी भरते की क्लीट आत जात नाही, किंवा अर्धवट बसते. क्रँकब्रदर्स कंपनीचं एगबीटर पायडल चारही बाजूंनी उघडं असल्याने चिखल बराच झटकतं, तरी बुटात भरलेल्या मातीवर त्याच्याकडेही उपाय नाही. तो बूट दर वेळी काडीने उकरावाच लागतो.

मग कुणी काय घ्यावं? शनिवार-रविवारी टेकड्यांवर जाणाऱ्याने, वाटा शिकणाऱ्याने आणि पावसातही सायकल न सोडणाऱ्याने सपाट पायडल आणि चांगला बूट घ्यावा. लोणावळ्यापर्यंत किंवा पवना धरणापर्यंत लांब पल्ला मारणारा, कोरड्या ऋतूत शर्यतीची तयारी करणारा क्लीटकडे वळला तर त्याला त्याचं मोल मिळेल. एका बाजूला सपाट आणि दुसऱ्या बाजूला खटका असलेलं पायडलही मिळतं. सायकलने कामावर जाणाऱ्याला ते सोयीचं. खडबडीत वाटेवर मात्र नेमकी चुकीची बाजू वर येते.

क्लीट घेतलीच तर बसवताना घाई नको. टेबलावर बसून पाय मोकळे सोडावेत आणि पंजे नैसर्गिकपणे किती बाहेर वळतात ते पाहावं. क्लीटचा कोन तसाच ठेवायचा. जागा पंज्याच्या फुगीर भागाखाली, डोंगरासाठी किंचित मागे. गुडघा दुखू लागला तर सराव होईल म्हणून सहन करू नये, कोन बदलावा. पहिल्या काही फेऱ्यांनंतर दोन्ही स्क्रू पुन्हा आवळावेत. एक स्क्रू निघून पडला तर टाच वळवल्यावर बूट क्लीटभोवती नुसता फिरतो आणि पाय सुटत नाही, हा या पायडलचा सर्वांत धोकादायक प्रसंग.

दोन्ही जातींच्या पायडलांचे आटे सारखेच, ९/१६ इंच, म्हणून घरी बदलता येतात. डाव्या पायडलला उलटे आटे असतात. शॉप फ्लोअरवर काम केलेल्याला त्याचं कारण आवडेल. आटे कितीही नीट कापले तरी पायडलचं स्पिंडल आणि क्रँकचं भोक यांच्यात केसभर सैलपणा राहतो. पायडल मारताना दाब स्पिंडलभोवती फिरत राहतो, आणि स्पिंडल त्या सैलपणात भोकाच्या आतल्या कडेवर घरंगळत हळूहळू उलट दिशेने वळतं. डावीकडे साधे आटे असते तर या वळण्याने ते सैल होत गेले असते. आटे उलटे असल्यामुळे ते आवळतात. बसवताना लक्षात ठेवायचं एवढंच: आट्यांना ग्रीस लावावं, सुरुवात हातानेच करावी, आणि १५ च्या पान्याचं वरचं टोक दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाकडे ओढावं.