जुन्या व्हॅनला मोठी अलॉय चाके : व्यास, भार आणि सुरक्षितता यांचा विचार

बीजसंज्ञा : अलॉय चाक, टायर, भारनिर्देशांक, ऑफसेट, मोटार वाहन कायदा

प्रस्तावना

१९८४ मध्ये 'मारुती व्हॅन' या नावाने बाजारात आलेले आणि पुढे १९८८ पासून 'ओम्नी' या नावाने घरोघरी परिचित झालेले वाहन २०१९ पर्यंत उत्पादनात होते. सुझुकीच्या 'कॅरी' या छोट्या जपानी वाहनावर त्याची रचना बेतलेली आहे. चालकाच्या आसनाखाली इंजिन, मागील चाकांना गती, मागे कमानपाटे आणि अवघी बारा इंची चाके ही त्याची वैशिष्ट्ये होत. उत्पादन थांबले असले तरी विद्यार्थ्यांची ने-आण, किरकोळ मालवाहतूक आणि कुटुंबाचा प्रवास यांसाठी ही व्हॅन आजही रस्त्यावर दिसते.

अशा जुन्या व्हॅनची मूळ पोलादी चाके काढून त्या जागी तेरा किंवा चौदा इंची अलॉय चाके बसविण्याची हौस अनेकांना असते. त्या वेळी एक ठरावीक सल्ला दिला जातो, तो असा की टायरसह चाकाचा एकूण व्यास पूर्वीइतका राहिला म्हणजे काळजीचे कारण नाही. हा सल्ला चुकीचा नाही. मात्र तो अपुरा आहे. प्रस्तुत लेखात या अपुरेपणाची कारणे स्पष्ट करून, चाक बदलताना विचारात घ्यावयाच्या तांत्रिक व कायदेशीर बाबींची मांडणी केली आहे.

टायरवरील अंकांचा अर्थ

ओम्नीच्या मूळ टायरवर '१४५ आर १२ एलटी' असे माप आढळते. यातील १४५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी, 'आर' म्हणजे रेडियल बांधणी, १२ हा रिमचा इंचातील व्यास आणि 'एलटी' म्हणजे हलक्या मालवाहू वाहनासाठीचा टायर होय. टायरच्या बाजूची, म्हणजे साइडवॉलची, उंची रुंदीच्या टक्केवारीत सांगितली जाते. ही टक्केवारी छापलेली नसेल तेव्हा ती साधारणतः ८० मानली जाते. म्हणून हेच माप १४५/८० आर १२ असेही लिहिता येते.

मापाच्या पुढे आणखी एक अंक असतो, तो म्हणजे भारनिर्देशांक. विहित दाबाची हवा भरलेली असताना एका टायरने जास्तीत जास्त किती भार पेलावा, हे तो सांगतो. ग्राहकाचे लक्ष बहुधा माप आणि नक्षी यांच्यावर खिळते आणि हा अंक दुर्लक्षित राहतो.

व्यासाचे गणित

एकूण व्यास काढण्यासाठी साइडवॉलच्या उंचीची दुप्पट रिमच्या व्यासात मिळवावी लागते. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर हे लक्षात घेता पुढील आकडे मिळतात.

१) १४५/८० आर १२ : साइडवॉल ११६ मिमी, एकूण व्यास ५३६.८ मिमी.
२) १५५/६५ आर १३ : साइडवॉल सुमारे १०१ मिमी, एकूण व्यास ५३१.७ मिमी, मूळ मापापेक्षा सुमारे १ टक्का कमी.
३) १६५/६० आर १४ : साइडवॉल ९९ मिमी, एकूण व्यास ५५३.६ मिमी; मूळ मापापेक्षा सुमारे ३.१ टक्के अधिक.

व्यास वाढला की चाकाच्या एका फेऱ्यात वाहन अधिक अंतर कापते, परंतु वेगदर्शकाला ते कळत नाही. तिसऱ्या पर्यायात काटा ताशी ६० किलोमीटर दाखवीत असताना, काटा मुळात अचूक असल्यास, प्रत्यक्ष वेग सुमारे ६२ असतो. शिवाय मोठ्या व्यासामुळे गिअर काहीसे 'लांब' होतात. ७९६ घनसेंटिमीटरच्या लहान इंजिनाला भरलेली व्हॅन घाटात चढविताना हा फरक जाणवतो. तेवढाच ब्रेक लावूनही चाक व रस्ता यांमधील रोधक बल त्याच प्रमाणात घटते. केवळ व्यासाच्या कसोटीवर पाहिल्यास दुसरा पर्याय जवळजवळ निर्दोष ठरतो. नेमकी येथेच फसगत होते.

भाराचे गणित

सहा प्लाय रेटिंगच्या १४५ आर १२ या मालवाहू टायरचा भारनिर्देशांक ८०/७८ असा असतो. पहिला अंक आसाच्या प्रत्येक टोकास एकच चाक असताना, तर दुसरा जोडचाके असताना लागू होतो. ८० या निर्देशांकाचा अर्थ ४५० किलोग्रॅम. १५५/६५ आर १३ या मोटारीच्या टायरचा निर्देशांक सामान्यतः ७३, म्हणजे ३६५ किलोग्रॅम. तर १६५/६० आर १४ चा ७५, म्हणजे ३८७ किलोग्रॅम असतो.

एका आसावरील दोन टायरांचा एकत्रित विचार केल्यास क्षमता अनुक्रमे ९००, ७३० आणि ७७४ किलोग्रॅम भरते. म्हणजेच अधिक रुंद आणि दिसायला भक्कम अशा तेरा इंची टायरमुळे आसाची भारक्षमता १७० किलोग्रॅमने घटते. समजा, माणसे व सामान भरल्यावर व्हॅनच्या मागील आसावर ७६० किलोग्रॅम भार येतो. मूळ टायरांना १४० किलोग्रॅमची मोकळीक उरते, चौदा इंची टायरांना अवघी १४ किलोग्रॅमची, आणि तेरा इंची टायर तर मर्यादेच्या ३० किलोग्रॅम पलीकडे जातात. मर्यादेबाहेर भारलेल्या टायरची साइडवॉल प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते, त्यातून उष्णता वाढते आणि उन्हाळ्यातील तापलेल्या रस्त्यावर टायर फुटण्याचा धोका बळावतो. रिकाम्या व्हॅनची दुकानाभोवती फेरी मारून ही त्रुटी कधीच लक्षात येणार नाही.

यावर तेरा इंची मालवाहू टायर घ्यावा, असा उपाय सुचू शकतो. १५५ आर १३ या मापात असे टायर मिळतात. परंतु त्यांचा व्यास सुमारे ५७८ मिमी, म्हणजे मुळापेक्षा ७.७ टक्के अधिक असतो. काटा ६० दाखवील तेव्हा वेग ६४ च्या पुढे गेलेला असेल. त्रिज्या सुमारे २१ मिमीने वाढल्याने चाक पूर्ण वळविताना किंवा खड्ड्यात दबताना टायर पत्र्याला घासण्याची शक्यताही निर्माण होते. थोडक्यात, व्यास साधला तर भार सुटतो आणि भार साधला तर व्यास सुटतो. जुन्या छोट्या व्हॅनच्या बाबतीत ही अडचण मुळातच आहे. कारण तिचे चाक लहान असले तरी ते मालवाहू वाहनाचे चाक आहे.

रिम, हब आणि ऑफसेट

टायरप्रमाणेच रिमलाही भारमर्यादा असते आणि अनेक अलॉय रिमच्या मागील बाजूस ती कोरलेली असते. जपानी पद्धतीत प्रवासी मोटारीच्या रिमवर 'जेडब्ल्यूएल' आणि ट्रक-बसच्या रिमवर 'जेडब्ल्यूएल-टी' अशी भिन्न चिन्हे असतात. भारतात हलक्या मिश्रधातूच्या रिमसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १६१९२ हे मानक आहे. कोणतेही चिन्ह नसलेली स्वस्त रिम व्हॅनसाठी घेऊ नये.

रिमची मध्यरेषा आणि हबवर टेकणारा पृष्ठभाग यांमधील अंतरास ऑफसेट म्हणतात. समजा, चार इंच रुंदीच्या रिमऐवजी साडेपाच इंची रिम घेतली आणि ऑफसेट तोच राहिला, तर रिमची कड आत व बाहेर प्रत्येकी सुमारे १९ मिमी सरकते. ऑफसेट आणखी १५ मिमीने कमी असल्यास बाहेरची कड ३४ मिमी पुढे येते. चाक जितके बाहेर, तितका बेअरिंगवर पडणारा पीळ अधिक, आणि स्टिअरिंगला बसणारे हिसकेही अधिक. वीस-पंचवीस वर्षे वापरलेल्या व्हॅनची बेअरिंगे, बॉल जॉइंट आणि पाट्यांचे बुश आधीच झिजलेले असतात, हे विसरता कामा नये.

बोल्टांची संख्या व त्यांच्या वर्तुळाचा व्यास तंतोतंत जुळणे अनिवार्य आहे. रिमचे मधले भोक हबपेक्षा मोठे असल्यास योग्य मापाची कडी घालावी. अन्यथा चाक केंद्रस्थानी बसत नाही आणि कंप जाणवतो. नटाची बैठक शंकूच्या आकाराची आहे की गोलाकार, हेही पाहावे. पोलादी रिमचे नट अलॉय रिमला चालतीलच असे नाही. नट टॉर्क पान्याने विहित मापानेच आवळावेत आणि पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत.

धातूचा स्वभाव आणि आपले रस्ते

ओतीव अलॉय रिमसाठी सुमारे ७ टक्के सिलिकॉन व अल्प मॅग्नेशियम असलेला ॲल्युमिनियमचा मिश्रधातू बहुधा वापरतात आणि उष्णतासंस्कार करून त्याचे बळ वाढवितात. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या सुमारे एकतृतीयांश असली तरी मोठी, रुंद आणि जाड रिम टायरसह मूळ चाकाहून जड भरू शकते. खड्ड्यात आदळल्यावर पोलादी रिम बहुधा वाकते, तर ओतीव अलॉय रिमला तडा जाऊ शकतो. साइडवॉल ११६ वरून १०० मिमीच्या आसपास आली की धक्का शोषणारी उशीच पातळ होते. तडा गेलेली रिम वितळजोड देऊन पुन्हा वापरणे धोक्याचे आहे, कारण जोडाच्या उष्णतेने मूळ उष्णतासंस्कार नाहीसा होतो.

कायदेशीर बाजू

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९५ टायरचे माप व प्लाय रेटिंग यांच्याशी संबंधित आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील बदलांवर निर्बंध आहेत. निर्मात्याच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत ठरेल असा बदल करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार अनुज्ञेय नसलेल्या बदलासाठी मालकास प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून खरेदीपूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालय व विमा कंपनी यांच्याकडे लेखी विचारणा करणे श्रेयस्कर होय.

निष्कर्ष

१) एकूण व्यासातील साम्य ही आवश्यक अट आहे, ती पुरेशी अट नव्हे.
२) नव्या टायरचा भारनिर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी नसावा. माप तेच असले तरी प्रकार तपासावा, कारण १४५/८० आर १२ या मापाचा ७४ निर्देशांकाचा, म्हणजे ३७५ किलोग्रॅमचा, मोटारीचा टायरही मिळतो.
३) रिमची भारमर्यादा, ऑफसेट, हब व नट यांची जुळणी खरेदीपूर्वीच पडताळावी.
४) विद्यार्थी किंवा माल वाहून नेणाऱ्या व्हॅनसाठी मूळ मापाची पोलादी चाके आणि नवे मालवाहू टायर हाच सर्वांत सुरक्षित पर्याय ठरतो.

चाक वाहनाला बसते, एवढ्यावरून ते वाहनाचा भार पेलेल असे अनुमान काढता येत नाही. व्हॅनमध्ये बसणाऱ्यांची सुरक्षितता टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत छापलेल्या त्या दोन अंकांवर अवलंबून असते. चाके खरेदी करणाऱ्याने आधी तेच वाचावेत.