मॅट्रिक्स रीलोडेड : बळ कुठे, उणीव कुठे?

आज आपण एकच चित्रपट घेणार आहोत, 'द मॅट्रिक्स रीलोडेड'. लाना आणि लिली वाचोवस्की यांनी 1999 साली 'द मॅट्रिक्स' केला. त्याचा हा दुसरा भाग मे 2003 मध्ये प्रदर्शित झाला. जगभरात त्याने 70 कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला. तरीही पुष्कळांचं मत पडलं, की याला पहिल्याची सर नाही. आता पैसा कमी पडला म्हणावं, तर तसं नाही. तंत्र कमी पडलं म्हणावं, तर तेही नाही. मग कमी काय पडलं? आणि कमी पडलं असं म्हणताना यात जे खरोखर चांगलं आहे त्यावर आपण अन्याय तर करत नाही ना? हे दोन्ही प्रश्न आपल्याला बघायचे आहेत.

ज्यांनी पहिला भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगू. आपण ज्याला जग समजतो तो संगणकाने रचलेला आभास आहे, आणि खरी माणसं यंत्रांच्या ताब्यात झोपलेली आहेत. निओ नावाचा तरुण त्या झोपेतून जागा होतो. या चित्रपटातला गच्चीवरचा प्रसंग गाजला. नायक मागे झुकून गोळ्या चुकवतो आणि कॅमेरा त्याच्याभोवती फिरतो. त्यासाठी शंभराहून अधिक स्थिरचित्रण करणारे कॅमेरे ओळीने मांडले होते. पण एक गोष्ट आपण विसरतो. त्या प्रसंगात निओला सगळ्या गोळ्या चुकवता येत नाहीत. तो जखमी होऊन पडतो आणि ट्रिनिटी त्याला वाचवते. म्हणजे चमत्कार दिसतो, आणि त्याची मर्यादाही दिसते. ती मर्यादा आहे म्हणून आपला जीव टांगणीला लागतो.

पहिला भाग संपतो तेव्हा मात्र निओ आकाशात झेप घेतो. शेवट म्हणून हे उत्तम. पण पुढची गोष्ट सांगणाऱ्याची पंचाईत होते. ज्याला आता काहीच लागत नाही, अशा नायकाची काळजी प्रेक्षकाने का करावी?

हे समजून घ्यायला दुसऱ्या भागातली दोन दृश्यं शेजारी शेजारी ठेवू.

पहिलं दृश्य मारामारीचं. खलनायक स्मिथ आता स्वतःच्या प्रती काढू शकतो. एका चौकात असे सुमारे शंभर स्मिथ निओवर तुटून पडतात. सुरुवातीची झटापट खरी आहे. हाँगकाँगचे युएन वू-पिंग यांनी ती बसवली आहे. पुढे संगणकाचं काम वाढत जातं. कलाकारांचे चेहरे पाच कॅमेऱ्यांनी एकाच वेळी टिपून त्यांच्या संगणकीय प्रतिमा केल्या होत्या. त्या काळाच्या मानाने हे धाडसच होतं, आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण पडद्यावर ती शरीरं रबरी वाटतात, त्यांना वजन नाही. आणि तांत्रिक दोष एक वेळ सोडून देऊ. या मारामारीचा शेवट काय होतो? निओ सरळ उडून निघून जातो! मग आपल्या मनात येतं, अरे, हे तर याला पहिल्या मिनिटालाच करता आलं असतं. एवढा वेळ चाललेली लढाई त्या एका क्षणात पोकळ ठरते.

आता दुसरं दृश्य, महामार्गावरचा पाठलाग. त्यासाठी कॅलिफोर्नियात अलामेडा इथल्या बंद पडलेल्या नौदल विमानतळावर सुमारे दीड मैलाचा रस्ता खास बांधला होता. संगणकाची मदत इथेही भरपूर आहे, पण रस्ता खरा, गाड्या खऱ्या, आपटणारा पत्राही खरा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे इथे अगदी शेवटच्या क्षणापर्यंत निओ नाही. मॉर्फियस आणि ट्रिनिटी आहेत, म्हणजे मरू शकणारी माणसं आहेत. त्यांना एका किल्लीवाल्या म्हाताऱ्याला सुखरूप न्यायचं आहे. शिवाय या जगाचा एक नियम आपल्याला आधीच माहीत आहे: यंत्रांचे एजंट कोणाच्याही अंगात शिरू शकतात. म्हणून गर्दीच्या रस्त्यावरचा प्रत्येक चालक हा संभाव्य शत्रू. ट्रिनिटी म्हाताऱ्याला मागे बसवून समोरून येणाऱ्या गाड्यांमधून मोटारसायकल काढते, तेव्हा आपण खुर्चीची कड धरून बसतो. काम काय, धोका कुठला, चुकलं तर काय होईल, हे सगळं आपल्याला ठाऊक असतं.

चित्रपटाचं दुसरं बळ त्याच्या विचारात आहे, आणि हे आम्हाला आवर्जून सांगायचं आहे. शेवटाकडे मॅट्रिक्सचा रचनाकार निओला सांगतो, की तू पहिला तारणहार नाहीस, सहावा आहेस. बंडखोर निर्माण होणं हाही यंत्रांच्याच योजनेचा भाग आहे. पहिल्या भागाने उभा केलेला नायक दुसऱ्या भागाने स्वतःच मोडायला घ्यायचा, हे धाडस इतक्या महागड्या चित्रपटात क्वचित दिसतं.

अडचण सांगण्याच्या पद्धतीत आहे. आपल्याकडे कीर्तनकार पूर्वरंगात तत्त्व सांगतो आणि उत्तररंगात तेच आख्यानातून दाखवतो. दोन्ही एकमेकांत विणलेलं असतं. इथे मारामारी थांबते, मग भाषण सुरू होतं, भाषण संपलं की पुन्हा मारामारी. रचनाकाराचं बोलणं इतकं जड आहे, की कथेतला सगळ्यात मोठा धक्का अनेकांच्या डोक्यावरून जातो.

आणखी एक उणीव थोडक्यात. कथेचे काही धागे चित्रपटाबाहेर, 'ॲनिमॅट्रिक्स' हे लघुपट आणि 'एंटर द मॅट्रिक्स' हा व्हिडिओ गेम यांत ठेवलेले आहेत. निओच्या मागे मागे फिरणारा मुलगा कोण, हे लघुपट पाहिल्याशिवाय नीट कळत नाही. शेवटही अर्धवट सोडून नोव्हेंबरमधल्या तिसऱ्या भागाकडे बोट दाखवलं आहे. ज्याने एकच तिकीट काढलं, त्याच्या हाती पूर्ण गोष्ट पडत नाही.

तेव्हा आमचं म्हणणं असं, की रीलोडेड हा फसलेला चित्रपट म्हणून निकालात काढू नये. एकाच चित्रपटात, त्याच लोकांनी, तशाच साधनांनी केलेलं एक दृश्य श्वास रोखायला लावतं आणि दुसरं कोरडं ठेवतं, हा आपल्यासाठी धडाच आहे. पुढच्या वेळी असा मोठा उत्तरभाग पाहाल तेव्हा इफेक्ट्स किती खरे दिसतात याच्या आधी दोन गोष्टी विचारा. या माणसाला काय जमत नाही? आणि तो हरला तर कोणाचं काय जाईल? याची उत्तरं पडद्यावर मिळाली, तर साधा पाठलागही पुरतो. नाही मिळाली, तर शंभर स्मिथही कमीच पडतात.