सडपातळ फोनची गवसणी

तंबोऱ्याला घालतात ती गवसणी. उशीला अभ्रा, गादीला खोळ, तलवारीला म्यान. मुसलमान घरात कुराणशरीफ ज्या शिवलेल्या कापडात जपून ठेवतात, ते जुजदान. वस्तू झाकून जपण्याची आपली सवय जुनी, आणि भाषेने प्रत्येक आवरणाला वेगळं नाव दिलं, कारण प्रत्येकाचं काम वेगळं. मोबाईलच्या बाबतीत मात्र आपण एकाच शब्दावर भागवतो, ‘कव्हर’. दुकानात जातो, रंग बघतो, पैसे देतो आणि निघतो. रंग बघून केलेला हा सौदा पुढे महागात पडतो. म्हणून आज थोडं या कव्हराविषयी बोलू.

फोन आता नुसता बोलण्यापुरता राहिलेला नाही. पनवेलच्या बाजारात भाजीवालीचे पैसे फोनवर जमा होतात, लोकलचं तिकीट फोनवर निघतं, बँकेचा ओटीपी फोनवरच येतो. माझा भाचा न्हावा शेवा बंदराजवळ एका कंटेनर यार्डात काम करतो. हौसेने त्याने हप्त्यावर एक अगदी सडपातळ फोन घेतला. चौथा हप्ता जायच्या आत तो फोन ट्रेलरच्या पायरीवरून काँक्रीटवर पडला. वर कव्हर होतं. पारदर्शक, देखणं, पातळ. पुढची काच कोपऱ्यापासून तडकली. हजेरी आणि गाड्यांचे नंबर, सगळं त्या फोनवर. दोन दिवसांचा रोज बुडाला आणि दुरुस्तीचा खर्च वेगळा. त्याने मला विचारलं, “मामू, कव्हर होतं ना, मग काच फुटली कशी?”

प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर समजलं की कव्हर कसं निवडायचं तेही समजतं.

आधी फोनकडे पाहू. २००७ साली आलेला पहिला आयफोन ११.६ मिलिमीटर जाड होता. २०१४ चा आयफोन ६ भरला ६.९ मिलिमीटर. २०२५ मध्ये सॅमसंगचा एस २५ एज ५.८ मिलिमीटरवर आला आणि त्याच वर्षी आयफोन एअर ५.६ मिलिमीटरवर. म्हणजे अठरा वर्षांत जाडी निम्म्याहून कमी झाली. यातल्या अलीकडच्या फोनांना पुढे काच असते, मागेही काच असते आणि मध्ये धातूची चौकट.

ही काच खिडकीच्या काचेसारखी नसते. तिला तापलेल्या क्षाराच्या द्रावात बुडवतात. काचेतले सोडियमचे छोटे कण निघून जातात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे कण शिरतात. गर्दीच्या डब्यात आणखी माणसं शिरावीत तसा पृष्ठभाग दाटून बसतो, म्हणून काच मजबूत होते. पण तिचे दोन शत्रू राहतातच. एक वाळू. वाळूतलं क्वार्ट्झ काचेवर चरे पाडतं आणि अशा चऱ्यातूनच पुढे तडा जातो. दुसरा शत्रू कोपरा. फोन सपाट पडला तर मार सगळीकडे वाटला जातो. कोपऱ्यावर पडला तर सगळा मार एका टिंबावर येतो.

हा मार किती असतो? शर्टाच्या खिशातून, म्हणजे साधारण १२० सेंटिमीटर उंचीवरून फोन पडला, तर जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी सतरा किलोमीटरच्या आसपास असतो. एवढा वेग एका मिलिमीटरच्या अंतरात थांबला, तर फोनवर त्याच्या वजनाच्या सुमारे बाराशे पट जोर येतो. १६५ ग्रॅमच्या फोनवर जणू दोनशे किलोचा भार. तोच वेग तीन मिलिमीटरमध्ये थांबला, तर भार एक तृतीयांश होतो. क्रिकेटमध्ये झेल घेताना खेळाडू हात मागे नेतो, तोच हा हिशेब. कव्हराचं खरं काम हेच: फोनला थांबायला दोन-तीन मिलिमीटर जास्त देणं.

आता भाच्याचं कव्हर का हरलं ते कळतं. त्याच्या कोपऱ्यात दबायला काही नव्हतंच. नुसतं टणक प्लॅस्टिक मार घेत नाही, तो फोनकडे पोचवतं. नुसतं मऊ सिलिकॉन मार घेतं, पण सैल होतं आणि खिशातला कचरा धरून ठेवतं. म्हणून दणकट कव्हरात दोन थर असतात. आतला मऊ, बहुतेक वेळा टीपीयू नावाच्या रबरासारख्या प्लॅस्टिकचा. बाहेरचा टणक, पॉलिकार्बोनेटचा. मऊ थर धक्का जिरवतो, टणक थर तो पसरवतो. चांगल्या कव्हराचे कोपरे जरा फुगीर असतात आणि आत हवेची पोकळी ठेवलेली असते. किल्ल्याचा बुरूज जसा तटाच्या पुढे येतो, तसा कव्हराचा कोपरा फोनच्या पुढे यायला हवा. पाठ कितीही जाड असली आणि कोपरा पातळ असला, तर ते कव्हर दिसायलाच दणकट.

दुसरी गोष्ट म्हणजे कड. कव्हराची कड काचेपेक्षा किंचित वर हवी. दुकानातच तपासता येतं. फोनला कव्हर घालून तो सपाट टेबलावर पालथा ठेवा आणि काचेखालून कागदाची पट्टी सरकवा. पट्टी मोकळी सरकली तर काच टेबलाला टेकत नाही. स्क्रीनवर टेम्पर्ड ग्लास लावणार असाल, तर ती लावूनच तपासा. कॅमेऱ्याभोवतीच्या कडेचीही अशीच परीक्षा घ्या. पातळ फोनांत कॅमेरा बराच बाहेर आलेला असतो.

खोक्यावर ‘मिलिटरी ग्रेड’ असं छापलेलं असतं. त्या शब्दाने भारावून जाऊ नका. अमेरिकी लष्कराच्या सामानासाठी मिल-एसटीडी ८१० नावाचं एक मानक आहे, पहिल्यांदा १९६२ साली निघालेलं. त्यातल्या एका चाचणीत वस्तू १२२ सेंटिमीटरवरून सव्वीस वेळा टाकतात, प्रत्येक बाजूवर, कडेवर आणि कोपऱ्यावर. मात्र ती काँक्रीटवर ठेवलेल्या प्लायवूडवर पडते, आणि सव्वीस वेळांसाठी एकूण पाच नग वापरायची मुभा असते. लष्कर कुठल्याही कव्हराला प्रमाणपत्र देत नाही. चाचणी कंपनी स्वतः करते किंवा करवून घेते. किती उंचीवरून, कशावर पाडून पाहिलं, हे जो स्पष्ट छापतो त्याच्यावर जास्त विश्वास ठेवावा.

आपल्याकडचा पाऊस विसरून चालणार नाही. जाड कव्हर म्हणजे पाणीबंद कव्हर नव्हे. चार्जिंगचं आणि आवाजाचं भोक उघडंच असतं. फोनवर आयपी ६८ लिहिलेलं असेल तर तो गुण फोनचा, आणि तोही साध्या पाण्यापुरता. समुद्राच्या खाऱ्या पाण्याचा भरवसा त्यात नाही. पावसाळ्यात बाहेर काम असेल तर वरून झिपची पिशवी बरी. आठवड्यातून एकदा कव्हर काढून फोन आणि कव्हर कोरड्या फडक्याने पुसावं. नाहीतर आत अडकलेली ओल आणि वाळू, ज्याला जपायचं त्यालाच खाते.

उन्हाचंही तसंच. फोन आपली उष्णता बऱ्याच अंशी पाठीतून बाहेर टाकतो, आणि जाड कव्हर म्हणजे त्याला घातलेली गोधडी. आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असं कंपनीच सांगते; आपला एप्रिल-मे त्याच्या पुढे जातो. चार्जिंग करताना फोन तापला तर कव्हर काढून ठेवावं. मोटरसायकलवर फोन लावणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. ताकदीच्या इंजिनाचे हादरे सतत बसले तर कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा अॅपलने २०२१ साली दिला होता. तिथे कव्हर कामाला येत नाही. हादरे जिरवणारा स्टँड लागतो.

मग कोणी विचारेल, एवढं जाड कव्हर घालायचं तर सडपातळ फोन घ्यायचाच कशाला? वाजवी प्रश्न आहे. पण साडेपाच मिलिमीटरच्या फोनला पुढून-मागून मिळून पाचेक मिलिमीटरचं कव्हर चढवलं, तरी तो २००७ च्या उघड्या आयफोनपेक्षा जाड होत नाही. शिवाय ही जाडी काढता-घालता येते. यार्ड, बांधकाम, रिक्षा, डिलिव्हरी अशा कामाच्या वेळी दणकट. घरी किंवा लग्नकार्यात हलकं. टेबलाशी बसून काम करणाऱ्याला दणकट कव्हराची गरजही नाही. मऊ कोपऱ्यांचं साधं कव्हर त्याला पुरे.

दुकानात गेलात की फोनचं नेमकं मॉडेल सांगा. एकाच नावाच्या दोन फोनांत कॅमेऱ्याची जागा बदलते. कव्हर चढवून बटणं दाबून पाहा, आपल्या चार्जरची पिन नीट बसते का पाहा, अंगठ्याने चारही कोपरे दाबून पाहा. आणि मोठा मार खाल्लेल्या कव्हराचा कोपरा सैल झाला असेल, तर ते बदला. त्याचं काम त्याने केलेलं असतं.