सायकलप्रवासातील विसाव्याचा दिवस

सायकलवरून लांबचा प्रवास म्हटला की आपला पहिला प्रश्न असतो, "दिवसाला किती अंतर काटायचे?" दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही : थांबायचे केव्हा? आठदहा जणांच्या तुकडीला युरोपातील एखादा मोठा मार्ग पुरा करावयाचा असेल, तर तो तडीस जाणार की नाही हे पुष्कळदा या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

उदाहरणादाखल डॅन्यूब नदीचा मार्ग घेऊ. जर्मनीतील डोनाउएशिंगेन या गावाहून निघून नदीच्या सोबतीने उल्म, रेगेन्सबुर्ग, पासाउ, लिंझ आणि व्हिएन्ना अशा शहरांवरून बुडापेस्टला पोहोचता येते. अंतर सुमारे १२०० किलोमीटर. वाट नदीच्या प्रवाहाबरोबर जात असल्यामुळे मोठे चढ थोडे. दिवसाला साठसत्तर किलोमीटर जावे असा हिशेब धरला, तर हे अंतर काही डोळे पांढरे करणारे नाही.

मग विसावा कशाला? कारण एका दिवसाचा शीण वेगळा आणि ओळीने आठ दिवसांचा शीण वेगळा. स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन या रूपाने साखरेचा साठा असतो. दिवसभराच्या श्रमाने तो उतरतो आणि एका रात्रीत पुरता भरून येतोच असे नाही. रोज थोडी तूट राहिली की ती साचत जाते. स्नायूंची झीजही भरून निघते ती विश्रांतीच्या वेळी. शिवाय बैठकीची कातडी घासून हुळहुळी होते, हँडलवर सतत भार दिल्याने करंगळीला मुंग्या येतात. ही दुखणी लहान खरी, पण रोज त्याच जागी घर्षण होत राहिले तर ती बरी व्हायची कशी?

शर्यतीतल्या कसलेल्या वीरांनाही हा नियम सुटलेला नाही. 'टूर द फ्रान्स' ही फ्रान्समधील प्रसिद्ध शर्यत प्रथम १९०३ साली झाली. तिच्यात अवघे सहा टप्पे होते, पण एकूण अंतर २४२८ किलोमीटर. टप्पे इतके लांब की दोन टप्प्यांमध्ये विश्रांती ठेवावीच लागली. तरीही निघालेल्या साठांपैकी शेवटपर्यंत पोहोचले एकवीसच. आता तेथे साधारणतः तेवीस दिवसांत एकवीस टप्पे असतात आणि दोन दिवस विश्रांतीसाठी राखलेले असतात. त्या दिवशीही स्वार अंथरुणात पडून राहत नाहीत. तासदोन तास सावकाश सायकल चालवतात, म्हणजे पाय आखडत नाहीत.

आता तुकडीचा विचार करू. समोरून वारा आला की पुढच्याच्या आडोशाने मागच्याचे श्रम बरेच कमी होतात. म्हणून धडधाकट मंडळींनी आळीपाळीने पुढे राहावे अशी रीत आहे. परंतु जो मुळातच थकला आहे तो त्या आडोशातूनही मागे पडतो. आणि बहुधा तो बोलत नाही. आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा व्हावा हे कोणाला आवडेल? दुखणे लपवीत तो दोन दिवस रेटतो आणि तिसऱ्या दिवशी आगगाडीने परत फिरतो. म्हणूनच विसावा मागावा लागता कामा नये. तो निघण्यापूर्वीच ठरलेला असावा. ठरलेला दिवस सर्वांचाच असतो, त्यात कोणाचाही कमीपणा नसतो.

डॅन्यूबच्या मार्गावर तो असा बसविता येईल : उल्मपर्यंत तीन दिवस, मग एक विसावा. शरीर अजून रुळलेले नसते, म्हणून पहिला थांबा लवकर. तेथून पासाउपर्यंत सहा दिवस आणि दुसरा विसावा. पुढे व्हिएन्नापर्यंत पाच दिवस आणि तिसरा. शेवटी बुडापेस्टपर्यंत पाच दिवस. म्हणजे एकोणीस दिवस चाक फिरते, तीन दिवस थांबते.

थांबण्याचे गावही विचारपूर्वक निवडावे. तेथे सायकल दुरुस्त करणारा असावा, कपडे धुण्याची सोय असावी आणि पाहण्यासारखे काही असावे. उल्मला १८९० साली पुरे झालेले, १६१ मीटर उंच शिखराचे चर्च आहे. पासाउला डॅन्यूब, इन आणि इल्झ अशा तीन नद्यांचा संगम आहे. जर्मनीत आणि ऑस्ट्रियात रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. तेव्हा विसावा नेमका रविवारी आला, तर तुटलेली साखळी सोमवारपर्यंत तशीच राहील, हेही ध्यानात ठेवावे.

त्या दिवशी सर्वांनी एकत्रच फिरले पाहिजे असा आग्रह मात्र धरू नये. सतत एकमेकांच्या मागेपुढे राहिलेल्या माणसांना एक दिवस आपापल्या वाटेने जाऊ दिले, तर संध्याकाळी जेवायला बसताना बोलायला नवे काही असते, आणि साचलेल्या कुरबुरी आपोआप निवतात.

तेव्हा अशा प्रवासाचे पत्रक कधी हाती आले, तर एकूण अंतराचा आकडा पाहून हुरळू नये आणि घाबरूही नये. आधी विसाव्याचे दिवस मोजावेत आणि ते कोठे ठेवले आहेत ते पाहावे. तुकडीतील सर्वांत संथ गड्याचा विचार कोणी केला आहे की नाही, हे त्यावरून कळते.